ओठ आधी, आवाज मागून

आमच्या घरात एक सिनेमा आहे. लागतो टीव्हीवरच, पण इतक्यांदा लागतो की घरातल्या जुन्या कपाटासारखा तो आता आमचाच होऊन बसला आहे. हिंदी आहे आणि त्यात दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. दोन्हीकडे एकेक मिशीवाला म्हातारा, दोन्हीकडे बंदुका, दोन्हीकडे घोडे, आणि मधे एक कोरडी नदी. नदीला पाणी कधीच येत नाही, पण ती ओलांडायची म्हटलं की सगळ्यांच्या अंगात येतं. फुकटच्या चॅनेलवाल्यांकडे सिनेमे मोजकेच असावेत. चार-आठ दिवस गेले की दुपारी तीनच्या सुमाराला तो पुन्हा सुरू होतो, आणि माझी आई तो पुन्हा पहिल्यापासून बघायला बसते.

त्याचा शेवट मी कधी पाहिला नव्हता. आईनंही नाही.

मी रायपूरजवळ उरल्याला एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत काम करतो. पहिली पाळी असली की अंधारात निघायचं आणि भर दुपारी पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत शिरायचं. तोवर केसांत, कानांत, रुमालाच्या घडीत लोखंडाची बारीक धूळ भरलेली असते. अंघोळ, जेवण, आणि आईच्या खाटेशेजारी फरशीवर आडवं व्हायचं. बायको चौबे कॉलोनीतल्या शाळेत शिकवते, ती संध्याकाळी येईस्तोवर घरात आम्ही दोघंच. वर पंखा, खाली गार फरशी, आणि डोळ्यांसमोर ते घोडे. पहिलं भांडण होईपर्यंत मी जागा असतो. पुढचा सिनेमा मी झोपेतच बघतो.

झोपेतला सिनेमा मूळच्यापेक्षा बरा असतो, असं माझं मत आहे. एकदा त्यात बाबा घोड्यावर बसलेले होते. पांढरा पायजमा, पायांत रबरी चप्पल, आणि हातात बंदूक. समोरून काका आले, तेही घोड्यावर, गळ्यात मफलर गुंडाळून. मधली नदी म्हणजे उरल्याचा ट्रकचा रस्ता होता, लाल धुळीचा. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग बाबा अगदी हळू म्हणाले, "चहा घेतला का रे?" मी जागा झालो तेव्हा उशी ओली होती. घामानं असेल.

जागेपणी बाबा काकांना असं काही विचारणं शक्यच नव्हतं. विचारणारे आणि ज्यांना विचारायचं ते, दोघंही आता नाहीत.

ती गोष्ट सांगायला हवी. आमचा कुठलासा पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत नागपूरहून रायपूरला आला, तेव्हापासून आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दोन बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळेचे दोन मुखवटे, पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं घासून नाकं गुळगुळीत झालेले. तीन दिवस त्या माहेरी येतात, एकमेकींशेजारी उभ्या राहतात, आंबील आणि पुरण जेवतात आणि जातात. आजोबा गेल्यावर त्या कोणाकडे बसाव्यात यावरून बाबा आणि काकांचं बिनसलं. बाबा म्हणाले, मी थोरला, माझ्याकडे. काका म्हणाले, तुम्ही नोकरीपायी गावोगाव फिरलात, देवीचं मी केलं, माझ्याकडे. नागपूरहून चार शहाणे नातेवाईक आले, पोटभर जेवले आणि त्यांनी निवाडा दिला: ज्येष्ठा थोरल्याला, कनिष्ठा धाकट्याला.

बहिणींची वाटणी! शेतीची, घराची, भांड्यांची वाटणी मी समजू शकतो. माहेरपणाला एकत्र येणाऱ्या दोन बहिणींना दोन घरी बसवायचं, ही अक्कल फक्त आमच्या लोकांनाच सुचू शकते. मला अजूनही त्याचा राग येतो. मग जोडी पुरी करायची म्हणून बाबांनी नागपुरातून नवी कनिष्ठा आणली आणि काकांनी नवी ज्येष्ठा. तेव्हापासून दोन्ही घरी एक जुनी, झिजलेल्या नाकाची, आणि एक नवी, चकचकीत, जरा भांबावल्यासारखी दिसणारी. आई दर वर्षी नवीला साडी नेसवताना पुटपुटते, "बस बापा, तुझा तं काही दोष नाही."

मुखवट्यांपाठोपाठ घराची वाटणी झाली. मधल्या मोठ्या खोलीत भिंत आली. रागाच्या भरात घातलेली भिंत, त्यामुळे घाईची आणि पातळ, अर्ध्या विटेची. ती उभी राहिली आणि दोन्ही घरांत अबोला सुरू झाला. एकच ओटा, त्याचे दोन तुकडे, दोन दारं. हरेलीला, म्हणजे आषाढाच्या अवसेला, गल्लीतला दूधवाला कडुनिंबाच्या डहाळ्या खोचायला येतो, तो मात्र एकाच हातानं दोन्ही दारांना खोचून जातो. आमच्या घरात काकूचं नाव कोणी घेत नसे. तिला 'पलीकडे' म्हणत. "पलीकडे पाहुणे आलेले दिसतात." "पलीकडे आज वांगं करपलं."

भांडण भावांचं होतं. जावाजावांचं कधी वाजल्याचं मला आठवत नाही. लहानपणी मी दोघींना एकाच परातीत पुरण वाटताना पाहिलं आहे. पण नवऱ्यांनी घातलेला अबोला त्यांनी सांभाळला आणि नवरे गेल्यावर तर आणखीच जपला. गेलेल्या माणसाची वस्तू मोडू नये, तसा.

आता त्या टीव्हीची गंमत.

एके दुपारी डोळा लागता लागता माझ्या लक्षात आलं की सिनेमात काहीतरी चुकतंय. म्हातारा ओठ हलवून थांबला की मग शब्द ऐकू येत होते. बंदुकीतून धूर निघत होता, घोड्यावरचा माणूस खाली पडत होता, आणि पडून झाल्यावर गोळीचा आवाज येत होता. अर्धवट झोपेत मला ते फार बरोबर वाटलं. माणसं आधी करून बसतात, त्याचा आवाज मागाहून येतो. मग मी डोळे उघडून नीट पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण होती.

"आई, आवाज तं बंद हाये."

"मले दिसते," आई म्हणाली. "भिंतीतून येऊन राहिला ना. दोन-दोन आवाज कायले पाहिजे?"

खरंच, आवाज भिंतीतून येत होता. पलीकडे काकूच्या टीव्हीवर तोच सिनेमा चालू होता. तिची डिश वेगळी, त्यामुळे तिचा सिनेमा आमच्यापेक्षा एखादा श्वास मागे. आई चित्र आमच्याकडचं बघत होती आणि ऐकत तिच्याकडचं होती.

"एवढा मोठा आवाज काहून ठेवते थे?" मी विचारलं.

"तिले आताशा कमी ऐकू येते." आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "आधी एवढा नव्हता. पोळा झाला अन् वाढवला तिनं."

मी कुशीवर वळलो. ज्या बाईशी इतकी वर्षं शब्द नाही, तिचा कान कधी अधू झाला हे माझ्या आईला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी मुद्दाम लक्ष द्यायला लागलो. सिनेमा सुरू व्हायला उशीर झाला की आई अस्वस्थ व्हायची. पलीकडचा आवाज आला की पाय वर घ्यायची, पाठीशी उशी घ्यायची. नदी पहिल्यांदा दिसली की तिचे डोळे मिटू लागायचे आणि शेवटच्या हाणामारीपर्यंत ती घोरायची. पाच वाजून गेले की भिंतीतून कसलंसं गंभीर संगीत यायचं आणि सगळं शांत व्हायचं. आम्ही दोघं उठायचो तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात असे.

"शेवटी काय होते, तुले माहीत हाये का?" ती कधी कधी विचारायची.

"मी बी झोपलो होतो."

"पलीकडे माहीत असन," ती म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची.

या श्रावणात पुण्याला नोकरीला असलेल्या चुलतभावानं बातमी दिली. आम्ही दोघं भाऊ घराबाहेर बोलतो, पहिल्यापासून. घरच्यांना ते ठाऊक आहे आणि ठाऊक नाही असं दाखवायची रीत आहे. चौकातल्या टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "भैया, मम्मी को पुणे ले जा रहा हूँ। अकेली कैसे रहेगी? गैस चालू छोड़ देती है।" त्याला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतूनच येतं.

"काकू काय म्हणते?"

"तैयार है। बस देवी का डिब्बा सामान में नहीं डालने देती। गोद में लेके जाएगी।"

जुनी कनिष्ठा पुण्याला चालली होती. मी म्हटलं, जायच्या आधी आईची आणि काकूची भेट तरी होऊ दे. तू काकूला घेऊन ये.

तो हसला. "बोला मैंने। बोलती है, बड़े घर से आवतण आएगा तो जाऊँगी। बिना बुलाए नहीं।"

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं निवडत असलेली भाजी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "मी काहून जाऊ? धाकटी थे हाये. धाकटीनं आधी बोलाव लागते."

आता यात चूक कोण? धाकट्या जावेनं आधी बोलावं ही रीत आमच्याकडची आहे. थोरल्या घरानं आधी आवतण द्यावं, हीसुद्धा आमच्याकडचीच. दोघी आपापल्या रीतीला धरून बसल्या होत्या, दोघीही बरोबर होत्या, आणि त्या बरोबरपणात एक बाई गाव सोडून चालली होती. मी त्या दिवशी चिडलो. म्हटलं, "आई, देवीच्या रीती माणसांसाठी असतात का माणसं रीतींसाठी?" ती म्हणाली, "तू जेव आधी." आमच्या घरात एवढ्यावर वाद संपतो.

नंतरचे दिवस पलीकडून खोकी ओढल्याचे, चिकटपट्टी फाडल्याचे, कपाटांची दारं उघडमीट केल्याचे आवाज येत राहिले. आईला त्यातला प्रत्येक आवाज ओळखू येत होता. "थे पितळेची परात." "हे माळ्यावरचं." एकदा फक्त एक लहानसा टणत्कार झाला आणि आई निवडता निवडता थांबली. तो मुखवट्याचा असावा. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. चुकून मी तिच्या तोंडून ऐकलं, नवीला घासता घासता ती तिला सांगत होती: "खरी तं चालली."

जायचा दिवस उजाडला. गाडी रात्रीची होती. सामानाचा ट्रक सकाळीच गेला आणि चुलतभाऊ उरलीसुरली कामं उरकायला बाहेर पडला. मी पाळी संपवून आलो तेव्हा पलीकडचं दार अर्धं उघडं होतं. हरेलीची डहाळी चौकटीत वाळून कुरकुरीत झाली होती, दोन्ही चौकटींत सारखीच.

त्या दिवशी तोच सिनेमा लागायला हवा होता असं काही नाही. पण त्या चॅनेलची गरिबी मला माहीत आहे. लागला.

आईनं सवयीनं आवाज बंद करून पाय वर घेतले. पहिला म्हातारा आला, त्यानं बोट उगारलं, ओठ हलवले. आई वाट बघत राहिली. दुसऱ्या म्हाताऱ्यानंही ओठ हलवून घेतले. मागून काहीच आलं नाही. घोडे आवाज न करता पळत होते. खोलीत पंख्याची घरघर आणि दूर कुठल्या तरी देवळातली घंटा, एवढंच.

"तिकडची लाइट गेली का?" आई म्हणाली.

"टीव्ही ट्रकमधून गेला, आई. सकाळीच."

ती काही वेळ तशीच मुका सिनेमा बघत बसली. तिचा चेहरा मला खालून दिसत होता. त्या चेहऱ्याची मला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मग तिनं रिमोट घेतला. आवाज सुरू केला. वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली, तरी तिचं बोट बटणावरच होतं.

"आई, कान फुटतीन!"

"तिच्यासाठी हाये."

मी उठून बसलो. आई खाटेवरून सरकत भिंतीपाशी गेली आणि भिंतीला म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं का व?"

इतक्या वर्षांनंतरचे हे पहिले शब्द, आणि ते चुन्याला ऐकू गेले असतील तेवढेच. पलीकडून काही उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, जोरात. तरी नाही.

"तुझं नाही ऐकू जाणार तिले भिंतीतून," मी म्हटलं.

"सिनेमा जाते अन् मी नाही?"

"सिनेमाचा भोंगा मोठा हाये."

तिला माझं बोलणं आवडलं नाही. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग दाराशी पडलेल्या चपलांकडे. गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आवाज कमी नको करू," मला बजावलं आणि ओट्यावर गेली. चप्पल घालायची विसरली. मी तिला अडवलं नाही आणि सोबतही गेलो नाही. काही ठिकाणी मुलानं जायचं नसतं.

मी भिंतीला कान लावला. एका कानात घोडे धावत होते, दुसऱ्या कानात आधी काहीच नव्हतं. मग काकूचा आवाज आला. कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा मोठा. "बसा, जाऊबाई. खाली सतरंजी हाये."

"तू बस. मी बसते."

दोघी रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या असाव्यात, कारण आईच्या बांगड्या माझ्या कानाजवळच वाजल्या. सिनेमा आता आमच्याकडून तिकडे जात होता. माझ्यासमोर चित्र होतं, त्यांच्याकडे नुसता आवाज. आणि आज मला झोप येत नव्हती. नदी आली, गेली, पुन्हा आली. पोरगी पळून गेली, तिला परत आणलं. मी लहानपणी कुठल्याशा लग्नात पंगतीत झोपून जागा झालो होतो आणि सगळे अजून जेवतच होते, तसं काहीसं वाटत होतं. कोणाला घाई नव्हती.

"शेवट काय होते व याचा?" आईनं विचारलं. "मी झोपून जाते नं दर वेळी."

"काय?"

"शेवट! शेवट काय होते?"

"आता म्हातारे नदीत उतरतीन," काकू म्हणाली. आणि माझ्यासमोर ते खरंच उतरले. "दोघंही मरतात."

दोन गोळ्या सुटल्या. या वेळी चित्र आणि आवाज एकदम आले. दोघं म्हातारे कोरड्या वाळूत पडले, हातभर अंतरावर, आणि त्यांच्या मिशांवर वाळू बसली.

"अन् मंग?"

"मंग बाया येतात. दोन्हीकडून."

दोन्ही काठांवरून दोघी बायका उतरल्या. पांढऱ्या साड्या, डोक्यावर पदर. वाळूत येऊन समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मंग बाया काय करतात?" आईचा आवाज जरासा चिरकला.

"थे नाही दाखवत," काकू म्हणाली. "पाट्या येतात."

पाट्या आल्या. तेच गंभीर संगीत, खोली भरून. भिंतीपलीकडे आई काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही आणि काकूलाही नाही.

"काय म्हणता?"

"महालक्ष्म्याले ये म्हणते!"

"ऐकू नाही येऊन राहिलं. त्या पोट्ट्याले म्हणा, बंद कर थे!"

भिंतीवर पलीकडून तळहात आपटला. मी टीव्ही बंद केला.

घरात एकदम इतकं शांत झालं की पंखा पुन्हा ऐकू यायला लागला. आई आता ओरडली नाही. पुरण वाटताना बोलायची त्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं तिनं सांगितलं, "महालक्ष्म्याले ये. आवतण देऊन राहिले तुले."

"हव," काकू म्हणाली. मग देवीच्या डब्याचं झाकण उघडल्याचा लहानसा आवाज झाला. "तिले बी घेऊन येईन."